फिनलंडमध्ये दहा दिवस: काय बघायचं, यापेक्षा कधी आणि कुठे असायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या मध्यावर तुम्ही दोघं पुण्याहून दहा दिवसांसाठी फिनलंडला निघालाय. सांताक्लॉजचं गाव आणि आकाशातला हिरवा प्रकाश यांच्या मागे धावायचं नाही, तिथली साधी माणसं कशी राहतात ते अनुभवायचंय. पत्नी शाकाहारी आहेत. आणि ओळखदेख नसताना लोक घरी बोलावतात का, असंही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ओळख नसताना घरी बोलावणं येत नाही, त्या आशेवर बेत आखू नका. यात तुसडेपणा काही नाही. तिकडे कट्टा, पार, टपरी असला प्रकार नाही, त्यामुळे रोजचं जगणं रस्त्यावर दिसत नाही. ते घरात असतं, उन्हाळ्यात तळ्याकाठच्या मोक्कीत म्हणजे लाकडी सुटीघरात असतं, आणि बाकीचं सार्वजनिक सौना (म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीतलं वाफेचं स्नान), पोहण्याचे तलाव, वाचनालयं, दुपारच्या खाणावळी आणि जंगल यांत वाटलेलं असतं. या जागा सगळ्यांना खुल्या आहेत. फक्त प्रत्येक जागेची वेळ ठरलेली आहे आणि तिथले काही नियम कुणी तोंडाने सांगत नाही. पाहुणे दुपारी अडीचला जेवायला पोचतात, तोवर भांडी आवरलेली असतात. मग 'इथे काही घडतच नाही' म्हणून परत येतात.

महिन्यावर बरंच अवलंबून आहे. जुलैत अर्धा देश सुटीवर असतो, ऑफिसवाल्यांच्या कित्येक खाणावळी महिनाभर बंद राहतात. जूनच्या २० ते २६ तारखेदरम्यानच्या शनिवारी युहान्नुस म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण येतो, तेव्हा हेलसिंकी अक्षरशः ओस पडतं. डिसेंबरात तिथे दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास मिळतो. सप्टेंबरात शाळा, ऑफिसं, खाणावळी सगळं चालू, जंगलात बेरी आणि अळंबी, शिवाय आइस हॉकीची लीग सुरू होते. तुमच्या हेतूसाठी याहून चांगला महिना सांगता येणार नाही. पाऊस आणि दहा-पंधरा अंशांची थंडी धरून चाला.

दहा दिवसांत लॅपलंड, तुर्कू, हेलसिंकी असं पळू नका. पाच रात्री हेलसिंकी किंवा शेजारचं एस्पो, चार रात्री ताम्पेरे, बस्स. हेलसिंकीहून ताम्पेरे रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत येतं. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या, तोही मध्यवर्ती भागात नको. हेलसिंकीतल्या काल्लियो, हेर्त्तोनिएमी किंवा एस्पोतल्या मेट्रोजवळच्या वस्तीत घेतलात की सकाळी शाळेत निघालेली पोरं आणि संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन परतणारी माणसं आपोआप दिसतात. विमानतळावरून आय किंवा पी नावाची लोकल अर्ध्या तासात मुख्य स्टेशनला आणते. विमानतळ सी झोनमध्ये आहे, म्हणून तिकीट एबीसी झोनचं हवं, नुसतं एबी चालत नाही. चढण्याआधी अॅपवर किंवा मशीनवर काढा. फाटक कुठेच नसतं, तपासनीस मात्र येतात. सुओमेनलिन्ना बेटाची फेरीबोट याच शहर वाहतुकीत मोडते, तिला एबीचं तिकीट पुरतं.

फ्लॅटमध्ये शिरल्यावर दोन-तीन गोष्टी नव्या वाटतील. संडासात कमोडशेजारी हातशॉवर असतो, म्हणजे आपली सोय झालीच. पण तो बेसिनच्या नळाला जोडलेला असतो: आधी बेसिनचा नळ उघडायचा, मग हातशॉवरचा खटका दाबायचा, आणि काम झालं की नळ बंद करायचा. आंघोळीनंतर भिंतीला टांगलेल्या रबरी पट्टीच्या दांड्याने फरशीवरचं पाणी जाळीकडे ओढून घ्यायचं; ते न करणारा पाहुणा घरमालकाच्या लक्षात राहतो. सिंकवरचं कपाट उघडलंत तर आत तळ नाही, तारांच्या जाळ्या आहेत. धुतलेली भांडी तिथेच ठेवायची, पाणी खाली सिंकमध्ये ठिबकतं.

फोडणीबद्दल सावध राहा. छताला धुराचा अलार्म असतो, आणि मोहरी-मिरचीच्या धुराने तो हमखास किंचाळतो. चुलीवरचा पंखा आधी पूर्ण लावा, झाकण हाताशी ठेवा. शेगडी इंडक्शनची निघाली तर अॅल्युमिनियमचा कुकर तापणार नाही, स्टीलचा न्या. आणि सामानात तूप, पेढे, खवा, चीज नको: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबाही नाही. डाळी, पिठं, सुके मसाले चालतात. विसरलात तर हाकानिएमी भागात आशियाई किराणा दुकानं रांगेने आहेत.

सुपरमार्केटात रोजचं जगणं सगळ्यात स्वस्तात दिसतं, म्हणून तिथे पहिल्याच दिवशी जा. एस-मार्केट, आलेपा, के-मार्केट, लिड्ल ही नावं सगळीकडे दिसतील. सुटी फळं-भाजी पिशवीत घातली की शेजारच्या काट्यावर ठेवून खणावरचा नंबर दाबायचा, चिकटपट्टी निघते ती लावायची. हे विसरलं की गल्ल्यावर रांग थांबते आणि मागचे लोक काही न बोलता छताकडे बघू लागतात. लिड्लमध्ये मात्र वजन गल्ल्यावरच होतं. रोख दिलीत तर बिल पाच सेंटच्या पटीत वरखाली होतं, एक-दोन सेंटची नाणी व्यवहारात जवळपास दिसत नाहीत. पण कार्डाशिवाय फारसं काही लागणार नाही.

दुधाच्या खणापाशी दोन मिनिटं थांबा. माइतो म्हणजे दूध, पीमा म्हणजे आंबवलेलं, ताकासारखं दूध. दोन्हींचे पुठ्ठ्याचे डबे सारखेच आणि शेजारी शेजारी. घाईत पीमा उचलला की सकाळचा चहा फाटतो. चहाला 'ताइस्माइतो' घ्या, ते पूर्ण स्निग्धांशाचं. पीमा मुद्दामही घ्या. मीठ-जिरं घालून ताकाची तहान भागते आणि कढीही चांगली होते. फिनिश लोक तो जेवताना पेल्याने पितात. सोबत राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव म्हणजे रुइसलेइपा, आणि कार्यालानपीराक्का: रायच्या पातळ पारीत दुधातला भात, वरून लोणी. मांस नसतं. कडेला अंडं कुस्करलेलं लोणी देतात, अंडं चालत नसेल तर तेवढं बाजूला ठेवा. कॉफीबरोबरच्या कोर्वापूस्तीत दालचिनी आणि वेलची दोन्ही असतात. कॉफी म्हणजे पातळ, कमी भाजलेली फिल्टर कॉफी, आणि दरडोई कॉफी पिण्यात हा देश जगात सगळ्यात पुढच्यांत आहे. पुष्कळ ठिकाणी दुसरा कप फुकट किंवा थोड्या पैशांत मिळतो.

पत्नींसाठी पाकिटावर चार शब्द ओळखायला शिका: लिहा म्हणजे मांस, काना म्हणजे कोंबडी, काला म्हणजे मासे, लीवाते म्हणजे जिलेटिन. हे शेवटचं मऊ गोळ्यांत आणि काही फेसाळ गोड पदार्थांत लपलेलं असतं. कास्विस दिसलं की भाज्यांचं. जेवणाच्या पाटीवरची अक्षरं वेगळी: एल म्हणजे लॅक्टोजरहित, जी ग्लूटेनरहित, एम दूधरहित, व्हीई म्हणजे वीगन. एलचा शाकाहाराशी संबंध नाही, आणि नेमकी तीच चूक आपल्याकडचे लोक करतात.

बाटल्या-डबे फेकू नका. प्रत्येकावर पंट्टी म्हणजे अनामत असते: डब्याला १५ सेंट, प्लास्टिक बाटलीला आकाराप्रमाणे १० ते ४०. दुकानाच्या दारापाशी भिंतीत गोल तोंडाचं यंत्र असतं. बाटली न चेपता, तळ पुढे करून आत सारायची. शिक्का वाचता आला नाही तर ती परत बाहेर येते. शेवटी बटण दाबून पावती घ्यायची आणि गल्ल्यावर दाखवायची. दारू हवी असेल तर आंबवून केलेली, ८ टक्क्यांपर्यंतची साध्या दुकानात, सकाळी ९ ते रात्री ९. नेहमीची वाइन आणि वरचं सगळं आल्को या सरकारी दुकानांत, आणि आल्को रविवारी बंद.

आता जेवणाची वेळ. कामाच्या दिवशी साडेदहा-अकरा ते दीड-दोन या वेळात लोउनास मिळतं: ठरावीक किमतीत बुफे, त्यात सॅलड, पाव, एक-दोन गरम पदार्थ, पाणी, कॉफी. १२ ते १५ युरो धरा. संध्याकाळी त्याच हॉटेलात एका पदार्थाला याहून जास्त जातात, म्हणून मुख्य जेवण दुपारी बाहेर आणि संध्याकाळी घरी, हे गणित पैशांनाही सोयीचं आणि तिथल्या रिवाजालाही धरून आहे. साडेअकराला जा, तेव्हा बांधकामाच्या पिवळ्या जाकिटातले आणि ऑफिसातले एकाच रांगेत असतात. ताट स्वतः वाढायचं, जेवण झालं की स्वतः गाडीवर ठेवायचं. गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप आणि ओव्हनमधलं जाड धिरडं ही बऱ्याच ठिकाणची परंपरा. त्या सुपात बहुधा डुकराचं मांस असतं. शाकाहारी आवृत्तीचं वेगळं भांडं अनेकदा शेजारीच ठेवतात, तेव्हा विचारल्याशिवाय डाव घालू नका. टीप द्यायची पद्धत नाही.

सौनावर जरा जास्त लिहितो, कारण तिथे गेला नाहीत तर बाकी सगळं अर्धवट. छप्पन लाखांहून थोड्या जास्त वस्तीच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत. समुद्रकाठची लोयलू ही २०१६ मध्ये उघडलेली देखणी जागा: स्त्री-पुरुष एकत्र, पोहण्याचे कपडे घालून, किंमत जास्त, गर्दी पाहुण्यांची. काल्लियोतली कोतिहार्यू १९२८ पासूनची: स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे, आत अंगावर काही नाही, आणि गार व्हायला लोक टॉवेल गुंडाळून फुटपाथवर बसतात. ताम्पेरेच्या पिस्पालात राजापोर्त्ती आहे, १९०६ ची, देशातली चालू असलेल्यांत सगळ्यात जुनी सार्वजनिक सौना. ती आठवड्यातले काहीच दिवस उघडते, दिवस बघून बेत ठरवा. माझ्या मते मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याने नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव गाठावा. तिकिटातच सौना येते, आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे असतात, आणि नवखा माणूस उठून दिसत नाही. हेलसिंकीतल्या इताकेस्कुसचा तलाव तर खडक कोरून जमिनीखाली केलाय, युद्धाची वेळ आली तर तोच लोकांचा आसरा. जाण्याआधी चालू आहे का तेवढं बघा.

नग्नतेचा संकोच वाटणं साहजिक आहे. पुरुषांचा विभाग वेगळा, बायकांचा वेगळा, आणि आत कुणी कुणाकडे बघत नाही. अगदीच नको वाटलं तर लोयलूसारखी जागा आहेच. तलावाच्या सौनात पोहण्याचे कपडे घालून बसणं मात्र अस्वच्छ मानतात. क्लोरीनचं पाणी लाकडात मुरतं आणि गरम हवेत त्याची वाफ होते.

क्रम असा. कपडे कप्प्यात, साबणाने पूर्ण आंघोळ, मग सौना. बुडाखाली छोटा टॉवेल किंवा दाराशी ठेवलेला कागदी आसन-तुकडा. सोन्याची साखळी, मंगळसूत्र, बांगड्या, धातूच्या फ्रेमचा चष्मा आधी उतरवा. ८०-९० अंशांत धातू चटका देतो. नवख्याने खालच्या फळीवर बसावं, गरम हवा वर असते. भट्टीच्या दगडांवर लाकडी डावाने थोडं थोडं पाणी टाकतात, त्या वाफेलाच लोयलू म्हणतात, त्या जागेचं नावही त्यावरूनच. पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारा, आणि एका वेळी एकच डाव. बादली ओतली तर दगड गार पडतात आणि वरच्या फळीवरच्या माणसाला वाफ भाजते. आठ-दहा मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या, गार व्हा, पुन्हा जा. दोन-तीन फेऱ्या पुष्कळ. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, आणि आधी दारू नको. फोन आत न्यायचा नाही. ट्राममध्ये तोंड न उघडणारा माणूस इथे स्वतःहून 'कुठून आलात' विचारतो, हा अनुभव बहुतेकांना येतो.

फ्लॅटमध्येच विजेची सौना असेल तर एक खाचखळगा सांगून ठेवतो. भट्टीला घड्याळी बटण असतं. पुष्कळ भट्ट्यांत पहिल्या १ ते ४ अंकांवर ती लगेच सुरू होते, आणि पुढे फिरवलं की ते अंक 'इतक्या तासांनी सुरू कर' असे असतात. पाहुणे जोरात फिरवतात, तासभर टॉवेल गुंडाळून थांबतात, आणि भट्टी बिघडली म्हणून घरमालकाला फोन करतात. पहिल्या भागात ठेवा, ४०-५० मिनिटांत तापते. भट्टीवर किंवा तिच्या वर कपडे वाळत घालायचे नाहीत, आगी लागतात त्या अशाच. सौना इमारतीची सामाईक असेल तर प्रत्येक घराला आठवड्यातला एक ठरलेला तास असतो. त्या फ्लॅटच्या वाट्याचा तास तुम्हाला मिळतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. दुसऱ्याच्या तासात दार उघडणं फार मोठा अगोचरपणा समजतात.

एक पूर्ण दिवस जंगलाला द्या. हेलसिंकीहून लोकलने एस्पो स्टेशन, तिथून २४५ नंबरची बस नूक्सियो राष्ट्रीय उद्यानाकडे जाते, एबीसी तिकिटात. फिनलंडमध्ये जमीन कुणाचीही असली तरी पायी फिरण्याचा, बेरी आणि अळंबी वेचण्याचा हक्क सगळ्यांना आहे, परदेशी पाहुण्यालाही. लोकांच्या अंगणात आणि पिकात शिरायचं नाही, शेवाळ किंवा झाडाच्या फांद्या तोडायच्या नाहीत. सप्टेंबरात लाल पुओलुक्का भरात असते. कच्ची तुरट लागते, पण साखरेबरोबर शिजवली की आवळ्याच्या मुरांब्याइतकीच घरातली गोष्ट. अळंबी मात्र जाणकार सोबत नसेल तर वेचू नका. पांढरी, देखणी विषारी अमानिता जीव घेते.

आग स्वतःच्या मनाने कुठेही पेटवता येत नाही. उद्यानात ठरलेल्या चुली असतात, शेजारच्या खोपटात लाकूड आणि कुऱ्हाड ठेवलेली असते, लाकूड लागेल तितकंच फोडायचं. वणव्याचा इशारा लागू असेल तर उघडी चूल बंद. लोक तिथे सॉसेज भाजतात. पत्नींसाठी भाजायचं चीज न्या, पनीरसारखंच लागतं. कचऱ्याचा डबा नसतो, सगळं परत आणायचं. पॅंट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंगावर गोचिडी तपासा. शरद ऋतूत केसांत शिरणारी चपटी माशी त्रास देते, टोपी आणि फिक्या रंगाचे कपडे बरे. फोनमध्ये '११२ सुओमी' अॅप टाकून ठेवा, मदत मागितली की ठिकाण आपोआप कळतं.

संध्याकाळी आणि पावसात काय? संसदेसमोरचं ऊदी वाचनालय २०१८ च्या डिसेंबरात उघडलं. शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर, संगीताच्या खोल्या, वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि रांगणारी पोरं. आत जायला कुणी विचारत नाही. पण एस्पोतल्या इसो ओमेना मॉलमधलं वाचनालयही बघा, तिथे पर्यटक जवळपास नसतात. वाचनालयांत 'किएलिकाहविला' म्हणजे भाषा-गप्पांचे तास असतात, तिथे फिनिश शिकणारे आणि शिकवणारे भेटतात. बोलायची इतकी सोपी जागा दुसरी नाही. किर्प्पुतोरी म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान: लोक फळी भाड्याने घेतात, किमती चिकटवून निघून जातात, विक्री दुकानच करतं. मुलांचे स्की-बूट, आजीची कपबशी, सगळं तिथे. ताम्पेरेत नोकिया अरेनात ताप्पारा किंवा इल्वेस यांचा हॉकी सामना लागला असेल तर स्वस्तातलं तिकीट काढा. शांत फिनिश माणसाबद्दलची कल्पना पहिल्या पंधरा मिनिटांत बदलेल.

राहिली घरच्या निमंत्रणाची गोष्ट. पुण्यात काम असलेल्या एखाद्या फिनिश कंपनीतला सहकारी, मुलाचा वर्गमित्र, असा एखादा धागा असेल तर 'तुमच्या घरी येऊ का' असं विचारू नका, 'कॉफी प्यायला भेटूया का' म्हणा. त्यातून बोलावणं आलं तर सांगितलेल्या वेळेला, पाच मिनिटं इकडेतिकडे. बूट दारात काढायचे, ते आपल्याला सांगायला नकोच. भेट म्हणून कॉफीचं पाकीट किंवा फुलं चालतात, महागडी वस्तू त्यांना अवघडून टाकते. बोलता बोलता मध्ये शांतता पडली तर ती भरायची घाई नको. आग्रह करून वाढणार नाहीत, लागेल ते स्वतः घ्या. शाकाहाराचं निमंत्रण स्वीकारतानाच सांगा, आयत्या वेळी नाही. आणि 'सौना तापवून ठेवतो' असं म्हणाले तर दोघांचे टॉवेल बरोबर न्या.